हद्द पोलिसांना, रान मोकळे माओवाद्यांना!

वर्धा आणि वैनगंगा यांच्या संगमातून निघालेली प्राणहिता दक्षिणेकडे वाहत जाते, सिरोंच्यापाशी गोदावरीला मिळते आणि पुढे सोमनूरला इंद्रावती येऊन त्या प्रवाहात सामावते. मुंबई, हैदराबाद आणि रायपूर येथील सचिवालयांच्या दृष्टीने या नद्या म्हणजे तीन राज्यांच्या हद्दी. मात्र हाच प्रदेश माओवाद्यांच्या नकाशावर चार दशके एकाच नावाने ओळखला गेला : 'दंडकारण्य'. या नावाची एक समिती, तिच्या हाताखाली गडचिरोलीपासून दक्षिण बस्तरपर्यंतचे विभाग आणि वरून खालपर्यंत एकच हुकूम. रामायण ही ज्यांच्या लेखी दंतकथा, त्यांना आपल्या युद्धभूमीसाठी नाव मात्र रामायणातलेच घ्यावे लागले, हा भाग वेगळा. मुद्दा असा की, ज्यांना हे राष्ट्रच मान्य नाही त्यांनी या अरण्याचा विचार अखंड प्रदेश म्हणून केला आणि ज्यांनी राष्ट्राच्या रक्षणाची शपथ घेतली त्यांना तो तुकड्यातुकड्यांनी करावा लागला.

हे तुकडे वाढतच गेले. १९८० च्या एप्रिलमध्ये कोंडापल्ली सीतारामय्याने पीपल्स वॉर ग्रुप स्थापन केला आणि त्याच वर्षी त्याची पहिली दले गोदावरी ओलांडून अलीकडे आली. नोव्हेंबरात सिरोंचा तालुक्यात पेद्दी शंकर हा त्यांचा म्होरक्या पोलिसांच्या गोळीने मारला गेला. त्या वेळी गडचिरोली जिल्हाही नव्हता. सारा मुलूख चांद्यात मोडत होता. २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूरचे विभाजन होऊन गडचिरोली जिल्हा झाला, तेव्हा त्याच्या राज्याबाहेरील सीमेला चार जिल्हे भिडत होते : मध्य प्रदेशातील राजनांदगाव आणि बस्तर, आंध्रातील आदिलाबाद आणि करीमनगर. आज मोजले तर मोहला-मानपूर, कांकेर, नारायणपूर, बिजापूर, आसिफाबाद, मंचेरियाल आणि भूपालपल्ली असे किमान सात भरतात. जंगल तेच, नद्या त्याच, माडिया आणि गोंड वनवासी तेच. केवळ पोलीस अधीक्षकांच्या कचेऱ्या वाढल्या. गडचिरोलीच्या अधीक्षकाला एखादे दल नदीपलीकडे गेल्याची खबर द्यायची तर ती कोणत्या कचेरीला द्यायची, हे आधी ठरवावे लागते. दलम तोवर दोन डोंगर पार करून गेलेले असते.

कायद्याने पोलिसांचे पाय बांधलेले आहेत काय? तसे मुळीच नाही. विनावॉरंट अटक करता येण्याजोग्या आरोपीचा पाठलाग भारतात कोठेही करण्याची मुभा जुन्या दंड प्रक्रिया संहितेच्या ४८ व्या कलमात होती आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या नागरिक सुरक्षा संहितेतही ती आहे. इंग्रजांनी १८८८ सालीच एक पोलीस कायदा करून दोन प्रांतांचा मिळून एक पोलीस मुलूख करण्याची सोय ठेवली होती. घटनेच्या सातव्या परिशिष्टातील केंद्राच्या यादीत ८० व्या क्रमांकाची नोंद आहे. तीनुसार एका राज्याच्या पोलिसांना दुसऱ्या राज्यात अधिकार देता येतात. मात्र त्या दुसऱ्या राज्याची संमती हवी! सारी ग्यानबाची मेख या संमतीत आहे. कारण पोलीस हा राज्याच्या यादीतला विषय, आणि राज्य म्हटले की मुख्यमंत्री आला, पक्ष आला, निवडणूक आली.

शिवाय कायद्याच्या पुस्तकात न लिहिलेल्या अडचणी वेगळ्याच असतात. चकमक ज्या ठाण्याच्या हद्दीत घडते तेथेच गुन्हा नोंदवावा लागतो. पंचनामा त्यांचा, दंडाधिकारी त्यांचा, चौकशी लागली तर न्यायालयही त्यांचे. महाराष्ट्राचा जवान छत्तीसगडच्या जंगलात गोळी झाडतो तेव्हा पुढची काही वर्षे परराज्यातील तारखांना हजर राहण्याची तयारी ठेवूनच झाडतो. त्यातच पलीकडच्या राज्याची तुकडी त्याच रात्री त्याच नाल्यातून गस्त घालीत असेल आणि दोघांना एकमेकांची वार्ता नसेल, तर अंधारात आपल्याच माणसावर बंदूक रोखली जाण्याचा धोका. जखमी जवानाला उचलायला हेलिकॉप्टर कोणाचे येणार? खबऱ्याचे नाव पलीकडच्या अधिकाऱ्याला सांगायचे की नाही? सांगितले आणि ते फुटले, तर त्या वनवासी माणसाचा गळा चिरून प्रेत गावाच्या वाटेवर टाकले जाते, छातीवर लाल शाईतली चिठ्ठी ठेवून. या कारणाने चांगले चांगले अधिकारी माहिती स्वतःपाशीच ठेवीत आले. त्यांना दोष देणे सोपे आहे. पण विश्वास हा शासकीय परिपत्रकाने निर्माण होत नसतो.

या अविश्वासाची किंमत २००९ या एका वर्षात किती मोजावी लागली, ते पाहावे. १ फेब्रुवारीला धानोरा तालुक्यातील मरकेगाव येथे १५ पोलीस मारले गेले. २१ मे रोजी हत्तीगोटा येथे १६. त्यानंतर १२ जुलैला, गडचिरोलीच्या सीमेला लागून असलेल्या छत्तीसगडातील मानपूर भागात, मदनवाड्याच्या हल्ल्यात राजनांदगावचे पोलीस अधीक्षक विनोदकुमार चौबे यांच्यासह २९ पोलिसांनी प्राण दिले. आणि ८ ऑक्टोबरला, विधानसभेच्या मतदानाला पाच दिवस उरले असताना, भामरागड तालुक्यात लाहेरीजवळ १७ जण. तीन घटना महाराष्ट्राच्या खात्यात, एक छत्तीसगडच्या. गृहखात्याच्या वार्षिक अहवालात त्या वेगवेगळ्या रकान्यांत बसल्या. मारणाऱ्यांच्या दृष्टीने मात्र ती एकाच रानातली एकच मोहीम होती. लाहेरीच्या पलीकडे अबुजमाड आहे; हल्ला करावा आणि माडात शिरावे, हा तेव्हाचा शिरस्ता होता. माड छत्तीसगडात, लाहेरी महाराष्ट्रात. सतराजणांच्या मारेकऱ्यांना पकडण्यासाठी दोन राज्यांनी मिळून त्या रात्री काय केले, असा प्रश्न विचारण्याचे धाडस तेव्हाच्या राज्यकर्त्यांना कोणी केले नाही. सारे प्रचारात दंग होते.

यावर कोणी म्हणेल की, हद्द ही सोयीची गोष्ट आहे, समन्वय बैठका घेतल्या की भागते. भागत नाही. कारण हद्दीच्या दोन्ही बाजूंना केवळ दोन पोलीस दले नसतात, दोन धोरणेही असतात. आंध्रचे उदाहरण घ्यावे. १ ऑक्टोबर २००३ रोजी तिरुपतीजवळ अलिपिरी येथे चंद्राबाबू नायडूंच्या गाडीखाली सुरुंग उडविले गेले; ते थोडक्यात बचावले. पुढच्याच वर्षी सत्तेवर आलेल्या वाय. एस. राजशेखर रेड्डींच्या काँग्रेस सरकारने नक्षलवाद्यांवरील बंदी उठू दिली आणि ऑक्टोबर २००४ मध्ये त्यांना हैदराबादेत सन्मानाने बोलावून चर्चेला बसविले. त्या चर्चेच्या जेमतेम तीन आठवडे आधी, २१ सप्टेंबरला, पीपल्स वॉर आणि एमसीसी यांचे विलीनीकरण होऊन भाकप (माओवादी) जन्माला आला होता. शांततेची बोलणी करायला आलेल्यांनी आधी आपले सैन्य दुप्पट करून घेतले! पुढे चर्चा फिसकटली, १५ ऑगस्ट २००५ रोजी आमदार नरसी रेड्डींचा खून झाला आणि बंदी पुन्हा आली. मधल्या वर्षभरात गोदावरीच्या एका काठावर जी संघटना सरकारची पाहुणी होती, तीच दुसऱ्या काठावर सिरोंचा-अहेरीच्या गावात पोलीस पाटलांचे मुडदे पाडणारी होती. नंतर आंध्रच्या पोलिसांनी कंबर कसली, ग्रेहाउंड्सनी दलांना सळो की पळो करून सोडले आणि आंध्र मोकळा झाला. पळालेले गेले कोठे? बस्तरात आणि गडचिरोलीत. एका राज्याचे यश हे शेजारच्या राज्याचे संकट ठरावे, असा हा न्याय!

हे जुने झाले म्हणावे तर २०२५ चा एप्रिल आठवावा. छत्तीसगड आणि तेलंगण यांच्या सीमेवरील कर्रेगुट्टाच्या डोंगरांवर केंद्रीय राखीव दल आणि छत्तीसगडचे जवान रणरणत्या उन्हात २१ दिवस लढत होते. ३१ माओवादी तेथे मारले गेले. डोंगराची एक बाजू तेलंगणाकडे उतरते. आणि त्याच दिवसांत तेलंगणात काय चालले होते? माजी मुख्यमंत्री चंद्रशेखर राव वरंगळजवळच्या सभेतून मोहीम थांबवा म्हणून केंद्राला आवाहन करीत होते आणि मुख्यमंत्री रेवंत रेड्डी शांतता समितीच्या मंडळींशी वाटाघाटींच्या गोष्टी बोलत होते. सत्ताधारी आणि विरोधक यांचे एरवी कशावरही एकमत होत नाही. ते झाले नेमके यावर. ज्याला डोंगराच्या एका उतारावरून हुसकावले जात आहे त्याला दुसऱ्या उतारावर सहानुभूतीची सावली मिळणार असेल, तर डोंगराला वेढा घातला असे म्हणता येत नाही.

आता वाटणीचा विचार. १ नोव्हेंबर २००० रोजी छत्तीसगड वेगळे झाले. वाजपेयी सरकारने ही तीन छोटी राज्ये कसलाही रक्तपात न होऊ देता निर्माण केली, हे त्या सरकारचे श्रेय आहे आणि ते कोणी हिरावून घेऊ नये. भोपाळपेक्षा रायपूर बस्तरला जवळ, म्हणून बस्तरकडे लक्ष जाईल, हा युक्तिवादही खोटा नव्हता. परंतु जवळची राजधानी आणि सज्ज पोलीस दल या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नवे राज्य उभे राहताना अनुभवी अधिकारी कोणी पाठवायचे आणि कोणी ठेवायचे, यांत वर्षे गेली. कांकेरचे जंगलयुद्ध प्रशिक्षण महाविद्यालय २००५ साली उभे राहिले. तोवर माओवाद्यांना पाच पावसाळे मिळाले होते. ६ एप्रिल २०१० रोजी ताडमेटला येथे ७६ जवान गेले, २५ मे २०१३ रोजी दरभा घाटीत काँग्रेसच्या राज्यातील नेत्यांची फळीच कापली गेली. ही सारी नव्या राज्याच्या पहिल्या तेरा वर्षांतली कहाणी. आज त्याच छत्तीसगडचे जिल्हा राखीव दल माओवाद्यांचे कर्दनकाळ ठरले आहे, हेही तितकेच खरे. छोटे राज्य हे पाप नव्हे. वाटणीपत्रात संरक्षणाचे कलम न लिहिता केलेली वाटणी मात्र महाग पडते.

२०१४ मध्ये आंध्रचे दोन भाग झाले तेव्हा ते कलम निदान लिहिले तरी गेले. १९८९ साली के. एस. व्यास या अधिकाऱ्याने उभारलेले ग्रेहाउंड्स म्हणजे माओवाद्यांना धडकी भरविणारे देशातील पहिले दल. पुढच्याच वर्षी गडचिरोलीत सी-६० उभे राहिले. खुद्द व्यासांना १९९३ च्या जानेवारीत हैदराबादेत गोळ्या घालून मारण्यात आले. अशा दलाची पुनर्रचना कायद्याच्या नवव्या कलमाने वाटणी झाली : जवानांनी आपापला पर्याय द्यावा, दोन्ही राज्यांची स्वतंत्र दले व्हावीत आणि हैदराबादचे प्रशिक्षण केंद्र तीन वर्षे सामाईक असावे. भांडीकुंडी वाटावीत तसे हे दल वाटले गेले. एवढी काळजी घेऊनही पुढे काय झाले? ३० नोव्हेंबर २०२३ ला, तेलंगणात मतदान असलेल्या दिवशी पहाटे, आंध्रचे शेकडो पोलीस नागार्जुनसागर धरणावर घुसले, त्यांनी अर्ध्या धरणाला काटेरी तारा लावल्या आणि तेलंगणचे पोलीस त्यांच्यासमोर उभे ठाकले. साडेनऊ वर्षांपूर्वी या सगळ्यांच्या टोपीवर एकच बिल्ला होता! शेवटी केंद्रीय राखीव दलाला मध्ये उभे करावे लागले.

तेथे निदान गोळी सुटली नाही. आसाम आणि मिझोरामच्या सीमेवर २६ जुलै २०२१ रोजी तीही सुटली. मिझोराम १९७२ पर्यंत आसामचाच भाग होता. त्या दिवशी दोन भारतीय राज्यांच्या पोलिसांत गोळीबार होऊन आसामचे सहा पोलीस ठार झाले. शत्रूच्या नव्हे, शेजाऱ्याच्या गोळीने. हे एकाच घटनेखाली, एकाच राष्ट्रध्वजाखाली राहणाऱ्या राज्यांत घडले, हे लक्षात ठेवावे. कारण पुढचा प्रश्न त्याहून भयंकर आहे.

घराच्या आत भिंत घातली तर इतके होते. घरच सोडले तर काय होईल? चंद्रपूरकरांना हे पुस्तकात वाचण्याची गरज पडू नये. त्यांच्या आजोबांनी ते पाहिले आहे. बल्लारपूरहून वर्धा नदी ओलांडली की राजुरा. आज तो चंद्रपूर जिल्ह्याचा तालुका आहे. १९४८ साली तो निजामाच्या आदिलाबाद जिल्ह्यात होता. १५ ऑगस्ट १९४७ ला नदीच्या अलीकडे भारत स्वतंत्र झाला आणि पलीकडे निजामाने संघराज्यात यायचे नाकारले. पुढचे तेरा महिने ही नदी केवळ जिल्ह्याची हद्द राहिली नाही. बल्हारशाहून काझीपेठेकडे जाणारी गाडी पूल ओलांडताच परक्या सत्तेच्या मुलखात शिरत होती. नोव्हेंबर १९४७ मध्ये 'जैसे थे' करार झाला खरा, पण त्याने काय साधले? सिडनी कॉटन नावाचा वैमानिक रात्रीच्या अंधारात निजामासाठी शस्त्रे आणीत राहिला. रझाकारांच्या अत्याचारांनी गांजलेली कुटुंबे सीमा ओलांडून मध्य प्रांतात आणि वऱ्हाडात येत राहिली. अलीकडच्या पोलिसाला नदीपलीकडच्या दरोडेखोराला हात लावता येत नव्हता, कारण तो दरोडेखोर तेथील सत्तेचा लाडका होता. आणि तेलंगणातील कम्युनिस्टांवरची बंदी याच निजामाने मे १९४८ मध्ये उठविली! फुटीरतावाद आणि साम्यवाद यांची ही जुनी सोयरीक आहे. अखेर सरदारांनी १३ सप्टेंबरला सैन्य पाठविले, १७ ला निजाम शरण आला. या लष्करी मोहिमेला सरकारने 'पोलीस कारवाई' म्हटले. नावात मोठा अर्थ होता. जेथे संघराज्य आहे तेथे चोराच्या मागे पोलीस जातो. जेथे ते नाही तेथे रणगाडे न्यावे लागतात. राजुरा १९५६ साली नांदेडला आणि १९५९ साली चांद्याला जोडला गेला. आज राजुऱ्याचा हवालदार बल्लारपुरात येऊन आरोपी पकडतो, तेव्हा त्यात कोणाला काही विशेष वाटत नाही. हे 'काही विशेष न वाटणे' फुकट मिळालेले नाही.

दिल्ली-मुंबईच्या सभागृहांतून 'भारत हा राष्ट्रांचा तुरुंग आहे', 'राष्ट्रीयत्वांना फुटून निघण्याचा अधिकार हवा' अशी व्याख्याने देणाऱ्या विद्वानांनी या सीमेवर एकदा येऊन राहावे. माओवाद्यांच्या कार्यक्रमात फुटून निघण्याच्या अधिकाराला स्पष्ट मान्यता आहे; काश्मीर आणि ईशान्येतील फुटीर चळवळींना त्यांनी उघड पाठिंबा दिलेला आहे. स्वतःच्या दंडकारण्यात मात्र कोणाही विभागाला समितीबाहेर फुटण्याचा अधिकार त्यांनी ठेवला नाही. तसे म्हणणाऱ्याचा जाहीर 'जनअदालती'त निकाल लागत असे. फुटीचे तत्त्वज्ञान भारतासाठी आणि एकछत्री शिस्त पक्षासाठी! हा दुटप्पीपणा त्यांच्या शहरी मित्रांना दिसत नाही, की पाहायचा नाही?

युरोपचे उदाहरणही ताजे आहे. ब्रिटनने ३१ जानेवारी २०२० ला युरोपीय संघ सोडला. त्यामागे सार्वभौमत्वाची जी ओढ होती तिचा उपहास करण्याचे कारण नाही. पण किंमत कोणती पडली? संघातील देशांची एक सामाईक माहितीपेटी होती. हवा असलेला गुन्हेगार, चोरीची मोटार, हरवलेले मूल, सारे त्यात. ब्रिटिश पोलिसांनी २०१९ या एका वर्षात ती ६० कोटींहून अधिक वेळा तपासली होती. १ जानेवारी २०२१ पासून ती त्यांना बंद झाली. युरोपभर चालणारे सामाईक अटकपत्र गेले, युरोपोलचे सदस्यत्व गेले. नवा करार झाला, पण जर्मनी, फ्रान्स, पोलंड यांसारख्या देशांनी आपले नागरिक ब्रिटनच्या हवाली करणार नाही असे कळवून टाकले. हे दोन्ही बाजूंनी समंजस, श्रीमंत आणि सुशिक्षित असताना! सह्याद्रीपासून बस्तरपर्यंत तसे झाले तर काय होईल, याची कल्पनाच केलेली बरी.

उलट जेथे हद्दी ओलांडून एकजूट झाली तेथे काय घडले, तेही सांगितले पाहिजे. २२ एप्रिल २०१८ रोजी इंद्रावतीच्या काठी, बोरिया-कसनासूरच्या जंगलात, सी-६० च्या जवानांनी माओवाद्यांना गाठले. त्या दोन-तीन दिवसांत जवळपास ४० जण मारले गेले. १३ नोव्हेंबर २०२१ ला छत्तीसगडच्या सीमेजवळ मर्दिनटोल्याच्या चकमकीत मिलिंद तेलतुंबडे याच्यासह किमान २६. हा तेलतुंबडे महाराष्ट्र, मध्य प्रदेश आणि छत्तीसगड या तीन राज्यांच्या तिठ्यावर माओवाद्यांनी मुद्दाम निर्माण केलेल्या विभागाचा प्रमुख होता. जेथे तीन राज्यांची जबाबदारी मिळते तेथे कोणाचीच नसते, हे त्यांनी अचूक हेरले होते. १७ जुलै २०२४ ला पुन्हा सीमेवरच, वांडोलीला, १२. दरम्यान वांगेतुरी, कवंडे अशा ठिकाणी, जेथे अर्ध्या शतकात सरकारचा माणूस मुक्काम करीत नव्हता, पोलीस मदत केंद्रे उभी राहिली. २३ मे २०२५ रोजी कवंडेच्या नव्या ठाण्यातून निघालेले सी-६० चे जवान आणि राखीव दल इंद्रावतीच्या दिशेने गेले आणि चार माओवादी मारले गेले. त्याच्या दोनच दिवस आधी पलीकडे अबुजमाडात पक्षाचा सरचिटणीस बसवराजू संपला होता. माडाचे दार दोन्ही बाजूंनी एकदम बंद झाले, असे चाळीस वर्षांत प्रथमच घडत होते.

परिणाम १५ ऑक्टोबर २०२५ रोजी गडचिरोलीत साऱ्या देशाने पाहिला. मल्लोजुला वेणुगोपाल राव ऊर्फ भूपती आपल्या ६० साथीदारांसह मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांच्यापुढे शस्त्रे ठेवून उभा राहिला. त्याची पत्नी तारक्का वर्षाच्या पहिल्याच दिवशी शरण आली होती. भूपती मूळचा तेलंगणातील पेद्दपल्लीचा, बसवराजू आंध्रच्या श्रीकाकुळमचा. नेतृत्व बहुतांशी नदीपलीकडून आले आणि मेली ती बहुतांशी माडिया-गोंडांची पोरे, दोन्ही बाजूंनी. कारण सी-६० चा जवानही त्याच पाड्यांतला. १ मे २०१९ ला, महाराष्ट्रदिनी, जांभूळखेड्याच्या सुरुंगात चालकासह जे १६ जण गेले त्यांच्या घरी आजही तो दिवस झेंडावंदनाचा नसतो. ऑक्टोबर २०२५ मध्ये केंद्राने अतिप्रभावित जिल्ह्यांची यादी सहावरून तीनवर आणली आणि गडचिरोली तीतून बाहेर पडली. उरलेले तिन्ही जिल्हे छत्तीसगडातले. त्यांपैकी नारायणपूर आणि बिजापूर हे गडचिरोलीला खेटून. केंद्रीय गृहमंत्र्यांनी ३१ मार्च २०२६ ही मुदत जाहीर केली, ती राज्यांच्या सीमा पाहून नव्हे, दंडकारण्य एक धरून.

आणि येथेच विदर्भवाद्यांना एक प्रश्न विचारणे भाग आहे. विदर्भ राज्याची मागणी राष्ट्रविरोधी नाही. भाजपाने १९९७ साली भुवनेश्वरला तिच्या बाजूने ठराव केला, मा. गो. वैद्यांसारख्या ज्येष्ठ विचारवंताने छोट्या राज्यांचा आयुष्यभर पुरस्कार केला. नागपूर गडचिरोलीला मुंबईपेक्षा कितीतरी जवळ आहे आणि नक्षलविरोधी अभियानाचे मुख्यालय आजही नागपुरातच आहे, हे सारे मान्य. परंतु विदर्भाच्या सभांतून सिंचनाचा अनुशेष, नोकऱ्यांचा वाटा आणि वीज यांवर जेवढे बोलले जाते त्याच्या दशांशानेही गडचिरोलीच्या सीमेवर बोलले जात नाही. राज्य गुप्तवार्ता विभागाचे अधिकारी आणि त्यांच्या कपाटातील चाळीस वर्षांच्या फायली कोणाकडे जाणार? हुतात्म्यांच्या कुटुंबांना दिलेली आश्वासने कोण पाळणार? हेलिकॉप्टर कोणाच्या पैशाने उडणार? जुलै २०२५ मध्ये विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी संमत केलेले विशेष जनसुरक्षा विधेयक, जसे छत्तीसगड, तेलंगण, आंध्र आणि ओडिशात आधीपासून होते, ते नव्या राज्यात पहिल्या दिवसापासून चालणार की पुन्हा नव्याने वादावादी? यांची उत्तरे राज्य मागण्याआधी लिहून ठेवावी लागतील, मागून नव्हे.

दुसरी बाजूही सांगून टाकावी. २०१२ साली तत्कालीन केंद्र सरकारने राष्ट्रीय दहशतवादविरोधी केंद्राचा प्रस्ताव आणला, तेव्हा राज्यांच्या अधिकारांवर आक्रमण म्हणून त्याला विरोध करणाऱ्यांत भाजपाचे मुख्यमंत्रीही होते. त्या मसुद्यात दोष होते आणि ते मांडणारे आपल्या जागी योग्य होते. पण मसुदा बासनात गेल्यावर त्याच्या जागी राज्यांनी स्वतः होऊन काय उभे केले? १८८८ च्या कायद्याखाली गडचिरोली, बिजापूर, नारायणपूर आणि भूपालपल्ली यांचा मिळून एक पोलीस मुलूख करण्यास कोणाची हरकत होती? इंग्रजांना सुचले ते स्वकीयांना सुचू नये?

ग्रेहाउंड्सचे जवान परराज्यात शिरले तेव्हा २९ जून २००८ रोजी ओडिशातील बालिमेला जलाशयात त्यांची नाव गाठून ३८ जणांना जलसमाधी देण्यात आली. हद्द ओलांडणाऱ्याला मागे कोणी नसेल तर असे होते. म्हणून संयुक्त मुलूख कागदावर नव्हे, बिनतारी संदेशाच्या एकाच वाहिनीवर, एकाच रुग्णवाहू हेलिकॉप्टरवर आणि चकमकीनंतरच्या चौकशीच्या एकाच नियमावर उभा राहिला पाहिजे. भूपती शरण आला म्हणून घाई नाही, असे मंत्रालयात कोणाला वाटत असेल तर त्याने चंद्रपूर जिल्ह्याच्या जिवती तालुक्यात जावे. परमडोली, मुकदमगुडा, अंतापूर, महाराजगुडा अशी तेथील १४ गावे महाराष्ट्राची की तेलंगणची, हा वाद भाषावार रचनेपासून चालत आला. गावाला दोन ग्रामपंचायती, दोन शाळा, घरात दोन राज्यांच्या शिधापत्रिका आणि मतदारयाद्यांत दोनदा नाव. मराठवाड्यातून येऊन तेथे जमिनी कसणाऱ्या मराठी माणसांना दोन्ही सरकारे मते मागायला येतात, पट्टे द्यायला कोणी येत नाही. जुलै २०२५ मध्ये ही गावे पूर्णतः महाराष्ट्रात समाविष्ट करण्याची घोषणा मुंबईत झाली. त्या गावांत भांडण झाले तर तक्रार जिवतीला नोंदवायची की नदीनाले ओलांडून आसिफाबादेकडे जायचे, हे घोषणेने नव्हे, दोन्ही राज्यांनी मिळून रोवलेल्या सीमादगडांनी ठरणार आहे. ते दगड कोणत्या महिन्यात रोवले जाणार, याची तारीख महसूलमंत्र्यांनी जाहीर करावी.